चंद्रभानजींनी ठेवलेला कागद

चंद्रभानजी निखारे हा माणूस मला कधी आवडला नाही, आणि आज ते नाहीत म्हणून मी काही वेगळं लिहिणार नाही. मेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी बोलावं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर टाइपरायटर बडवत उमेदीची सगळी वर्षं काढली आहेत आणि त्यांच्या जिभेचा प्रसाद रोज खाल्ला आहे.

नागपुरात, महाल भागात आमचं इतिहास मंडळ होतं. खाली हॉल, वर दप्तरखाना. जुन्या कारभाराचे कागद कापडाच्या चौकोनी रुमालांत बांधून फळ्यांवर रचलेले, आणि बहुतेक सगळे मोडीत. मोडी म्हणजे हात न उचलता भराभर लिहायची जुनी लिपी. ती शाळेतून गेली तशी लोकांच्या डोळ्यांतूनही गेली. आमच्याकडे ती घडाघडा वाचणारा माणूस एकच, चंद्रभानजी. घर कोष्ट्यांचं, पण वडील साड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे मुनीम होते. त्यांनी पोराला मोडी शिकवली ती थपडा मारून. पोरानं तीच पद्धत पुढे चालवली, फक्त हाताचं काम जिभेकडे दिलं.

कॉलेजातलं कोणी कागद बघायला आलं की चंद्रभानजी शांतपणे एक रुमाल सोडत, त्यातला कागद पुढे सरकवत आणि म्हणत, "एक ओळ वाचून दाखवा जी." नाही वाचता आली की, "मंग चहा प्या अन् घरी जा." एक बाई अमरावतीहून आल्या होत्या, त्या जिन्यावर बसून रडल्या. मी त्यांना पाणी दिलं तर मलाच म्हणाले, "तुमी काहून पुळका दाखवून राहिल्या? तुमाले तरी येते का वाचता?" मला येत नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा मी हौसेनं म्हटलं होतं, मला शिकवा. दुसऱ्याच दिवशी माझी अक्षरं त्यांनी 'कोंबडीचे पाय' म्हणून आल्यागेल्याला दाखवली. तिसऱ्या दिवशी मी पाटी परत केली.

आणि याच माणसाची मंडळाकडे एकच मागणी होती, वर्षानुवर्षं तीच. मला हाताखाली एक माणूस द्या, मी त्याला मोडी शिकवतो. "मी गेल्यावर हे कागद कोन वाचन? उंदरं?" असं ते भर सभेत विचारत. मंडळानं दोन वेळा माणूस दिलाही होता. पहिला महिन्याभरात पळाला. दुसऱ्यानं जाताना मला सांगितलं, "ताई, याच्यापेक्षा पानठेला बरा," आणि खरोखरच बडकस चौकाजवळ पानठेला टाकला. तरीही चंद्रभानजींची मागणी खोटी नव्हती. निवृत्ती जवळ आली होती आणि ते बाहेर पडले की दप्तरखान्याचं दार त्यांच्यामागे बंद होणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांना झोप लागत नव्हती म्हणे. लागत नसेल. आम्हालाही ते स्वस्थ बसू देत नव्हते.

चौऱ्याहत्तर साली सभेपुढे दोन गोष्टी एकदम आल्या. एक, चंद्रभानजींचा माणूस. दुसरी, आमचे सेक्रेटरी गिरिधरराव यांची नवी टूम. गिरिधरराव वकिली सोडून मंडळात आलेले, गोड बोलणारे, कुणाला न दुखवता नाही म्हणणारे. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे काय काय आहे हे लोकांना ठाऊकच नाही. छोट्या छोट्या फिल्मा काढू. तलवारी, पटके, नाणी, जुनी पत्रं. शाळांतून, बाजारांतून दाखवू. सभेनं फिल्मा मंजूर केल्या आणि माणूस पुढच्या सालावर ढकलला. चंद्रभानजी उठले आणि म्हणाले, "वाचनारा नाई पायजे, पाह्यनारे पायजे. वा जी वा." आणि चपला घालून निघून गेले.

फिल्मा काढायला आले मारोतराव ढोले. काटोलकडच्या संत्र्याच्या बागायतदाराचा हा मुलगा शेती भावांवर सोडून सीताबर्डीवर फोटो स्टुडिओ चालवत होता. कधीकाळी मुंबईत कुण्या कॅमेरामनच्या हाताखाली राहून आलेला, आणि ते तो दर वाक्यात एकदा सांगायचा. गळ्यात रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, तोही जिन्याच्या अंधारात. मला हाही माणूस आवडला नाही. पण कॅमेऱ्यामागे गेला की त्याची बडबड बंद व्हायची, एवढं कबूल करते. एका जुन्या पटक्याचा जरीकाठ त्यानं असा टिपला की पुढे उमरेडच्या विणकरांनी पडद्याकडे बघून शिट्ट्या मारल्या.

दोघांचं सख्य पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं. मारोतरावांनी दोन मोठे दिवे लावले तसे चंद्रभानजी ओरडले, "कागद हायेत ते, पापड नाई भाजायचे!" मारोतराव म्हणाले, "कागद हालत नाई, डोलत नाई. त्याले जीव आनाचा तर उजेड लागते. मुंबईले आमी..." "मुंबईले जा न मंग!" त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. एका खोलीत, एका टेबलाशी, आणि निरोप्या मी. "कुसुमताई, त्याईले सांगा तलवार डावीकडे घ्या." "बाई, त्याले सांगा तलवार हाये, भेंडी नाई." फिल्म मुकी होती, बोलण्याचा भाग मी माइकवरून वाचायचा ठरला होता, म्हणून मी तिथे हजर. माझं टायपिंग तुंबून राहायचं ते वेगळंच.

शेवटी पत्राची पाळी आली. फिल्ममध्ये एक अस्सल मोडी पत्र दाखवायचं, जवळून, अक्षर अन् अक्षर दिसेल असं. चंद्रभानजींनी रुमाल सोडला, पत्र निवडलं, काचेखाली नीट दाबून बसवलं आणि पहिल्यांदाच एक शब्द न बोलता बाजूला उभे राहिले. मारोतरावांनी शॉट घेतला. मला आठवतं, चंद्रभानजींनी त्या दिवशी दिव्यांबद्दलही तक्रार केली नाही. मला वाटलं, थकले.

फिल्म धुवायला मुंबईला गेली, परत आली, मारोतरावांनी ती स्टुडिओत बसून कापून जोडली. पहिला खेळ आमच्याच हॉलमध्ये, दुपारी, पडदे ओढून. गावातल्या शाळांचे हेडमास्तर, बाया, वर्तमानपत्रांची माणसं. चंद्रभानजी धुतलेला कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. मी माइकवर वाचत होते. तलवार आली, नाणी आली, पटका आला तेव्हा लोक 'वा' म्हणाले. मग पत्र आलं. मी वाचलं, "पाहा, हे वळणदार अक्षर, ही लेखणीची सफाई." लोक टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात चंद्रभानजी ताडकन उठले.

"अरे, उलटं हाये! कागद उलटा हाये! कोनालेच दिसत नाई?"

टाळ्या थांबल्या. मी पडद्याकडे पाहिलं. मला तर सगळं ठाकठीक दिसत होतं. ते का, हे नंतर समजलं. मोडी लिहिताना आधी कागदभर आडव्या रेघा ओढतात आणि अक्षरं त्या रेघांना खाली लटकवतात. कागद फिरवला की तीच अक्षरं रेघांवर उभी राहतात, आपण वहीत लिहितो तशी. मोडी न येणाऱ्याला उलटा कागदच जास्त सरळ वाटतो. हे त्या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याच माणसानं तो कागद ठेवला होता. आपल्या वैऱ्याच्या फिल्मला सगळा हॉल हसेल, मंडळ कान पकडून म्हणेल, बाबा, वाचणाऱ्याशिवाय आपलं चालत नाही, असा त्यांचा हिशेब. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच.

मुलींच्या शाळेच्या यमुताई पुढे बसल्या होत्या, फार सज्जन बाई. त्या समजूत घालावी तशा म्हणाल्या, "चंद्रभानजी, सरळ असतं तरी आमाले काय समजनार होतं जी? दिसाले छान दिसते, बस झालं."

आणि हॉल हसला. मारोतरावांना नाही, चंद्रभानजींना हसला.

मी त्यांचा चेहरा पाहिला. मला आनंद व्हायला हवा होता, अमरावतीच्या बाईंच्या वतीनं तरी. पण मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून मला त्यांचा आणखी राग आला.

खेळ झाल्यावर गिरिधररावांच्या खोलीत तमाशा झाला. मारोतराव काळा चष्मा काढून ओरडत होते, "म्या ठेवला का कागद? विचारा न त्याईले, कोनं ठेवला?" चंद्रभानजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कॅमेऱ्यात डोळा कोनाचा होता?" मारोतरावांनी सांगितलं की दुरुस्ती सोपी आहे. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं आहेत, तो तुकडा कापायचा, शेंड्याकडचं टोक बुडाकडे करून परत चिकटवायचा, कागद सरळ. बसल्या बैठकीचं काम. "पन मी नाई करत. याईनं चार लोकांत म्हनावं का कागद म्या ठेवला. मंग करतो." चंद्रभानजी म्हणाले, "मरून गेलो तरी नाई म्हनत."

गिरिधरराव गोड हसले. त्यांना फिल्म आवडली होती, लोकांना आवडली होती, आणि भांडण त्यांना मुळीच नको होतं. ते म्हणाले, "चंद्रभानजी, तुम्ही म्हणता वाचणारा पाहिजे. अहो, पण वाचायचं आहे कुणाला? फिल्म जाते तशी जाऊ द्या. गावोगाव दाखवू. पडदा पाहून आपल्या मनानं कुणी म्हणालं की कागद उलटा आहे, तर त्याला आणा माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी तुमच्या हाताखाली लावतो. शब्द आहे माझा."

नाही म्हणण्याची ही त्यांची रीत होती. मला ती लगेच समजली. चंद्रभानजींना समजली नाही, किंवा समजूनही त्यांनी ती पकडून ठेवली. ते म्हणाले, "दिला शब्द?" "दिला." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज केला की फिल्मबरोबर दौऱ्यावर आपल्यालाही पाठवावं, जुन्या वस्तूंची माहिती द्यायला माणूस लागतो.

म्हणजे आमची वरात अशी. पुढे जीप चालवणाऱ्याशेजारी मी, माइक मांडीवर. मागे प्रोजेक्टरच्या पेटीच्या एका अंगाला मारोतराव, दुसऱ्या अंगाला चंद्रभानजी, आणि पेटी धडधड हलली की दोघांचे हात एकदम तिच्यावर. बोलणं अजूनही माझ्यातर्फेच. "बाई, त्याले सांगा पाय आवर." "कुसुमताई, त्याईले सांगा पायच हाये, शेपूट नाई." सावनेर, कुही, मौदा, रामटेक. दिवेलागणीला शाळेच्या मैदानात पडदा बांधायचा आणि गाव जमलं की सुरू करायचं.

सगळा गाव पडद्याकडे बघायचा, चंद्रभानजी गावाकडे. पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून, खुर्चीत ताठ. तलवारीला, नाण्यांना त्यांचं लक्ष नसायचं. पत्र आलं की ते खुर्चीच्या कडेला सरकायचे आणि एकेक तोंड तपासायचे. पत्र गेलं की मागे टेकायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. मग सवय झाली. मग मला ते बघवेना, म्हणून मी त्या वेळी कागदात डोळे घालून वाचू लागले.

उमरेडला एक विणकरीण बाई, देवकी नावाची, मधेच उठून उभी राहिली. चंद्रभानजी तिच्यापर्यंत जवळजवळ पळत गेले. "काय दिसलं वं बाई तुले?" ती म्हणाली, "पटक्याचा काठ परत दाखवा जी, मायी सासू मागं बसली, तिले नाई दिसला." चंद्रभानजी परत येऊन बसले. प्रोजेक्टरमागे मारोतराव मोठ्यानं हसले, मुद्दाम. त्या रात्री जेवताना मी मारोतरावांना भाजी वाढली नाही.

अशी वर्षं गेली. मारोतरावांनी नाण्यांवर वेगळी फिल्म केली, शिक्क्यांवर केली, पण लोक मागत तीच पहिली, आणि तिच्यात पत्र उलटंच. तालुक्यांत फिल्मचं नाव झालं, शाळांकडून बक्षिसं मिळाली, गिरिधररावांचा फोटो पेपरात आला. चंद्रभानजींची निवृत्ती एकदा पुढे ढकलली, कारण रुमालांची यादी अर्धीच झाली होती. दुसऱ्यांदा ढकलणार नाही असं त्यांना कळवलं गेलं. त्यांची जीभ मात्र निवृत्त होण्याची चिन्हं नव्हती. शेवटच्या वर्षी त्यांनी मला म्हटलं, "तुमी इतक्या वेळा हे पत्र पाह्यलं बाई, एक अक्षर तरी वयखता का?" मी म्हटलं, "तुमी शिकवलं असतं तं वयखलं असतं." त्यांनी समोरच्या रुमालाची गाठ आवळली. तेवढं एक उत्तर मला कायम पुरलं.

भिवापूरचा दौरा त्यानंतरचा. मिरचीचा हंगाम, बाजाराचा दिवस, आणि पडदा बांधला तो थेट अडत्यांच्या ओट्यापुढे. हवेत मिरचीचा ठसका असा की सगळा जमाव खोकत होता, माइकवर मीही. तलवार खोकल्यात गेली. नाणी गेली. पत्र आलं. चंद्रभानजी खुर्चीच्या कडेला सरकले.

ओट्यावर पोत्याला टेकून एक म्हातारा बसला होता. डोळ्यांवर चष्मा, त्याची एक काडी तुटून तिथे दोरा बांधलेला. तो उठला आणि हातानं गोल करून दाखवत म्हणाला, "ओ बाई, थांबवा जी ते. कागद उलटा हाये."

मी वाचायची थांबले. मारोतरावांनी मशीन बंद केलं. चंद्रभानजी उठले, त्यांची खुर्ची मागे पडली. लोकांना बाजूला सारत ते ओट्यापाशी गेले आणि त्या म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाचा हात धरताना पाहिलं नव्हतं.

"तुमाले वाचता येते?"

"येते म्हंजे? अडतीवर मुनीम होतो न. जिंदगी मोडी लिवन्यात गेली. रामाजी म्हनतात मले." म्हाताऱ्याला धाप लागत होती. उभं राहायला त्याला पोत्याचा आधार लागत होता. चंद्रभानजींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हाताखाली लावण्याचं वय या माणसाचं कधीच उलटून गेलं होतं. तो चंद्रभानजींपेक्षाही बराच मोठा होता. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना सगळं समजलं. पण त्यांनी हात सोडला नाही.

"मंग ठेवला कोनं असा कागद?" रामाजींनी विचारलं.

जमावाचा खोकलाही थोडा थांबला. मारोतराव मशीनपाशी उभे होते, काळा चष्मा नव्हता, आणि सरळ चंद्रभानजींकडे बघत होते. मला वाटलं, आता जुनंच उत्तर येणार, कॅमेऱ्यात डोळा कोणाचा होता.

"म्या ठेवला," चंद्रभानजी म्हणाले. "मायीच करनी हाये."

 मारोतरावांनी रीळ काढलं, दिव्याखाली धरून तो तुकडा शोधला, कापला, फिरवला, चिकटवला. सगळा बाजार थांबून होता, आणि मारोतराव घाई करत नव्हते. मग पडदा परत उजळला आणि पत्र आलं, पहिल्यांदाच सरळ. रामाजींनी चष्मा नाकावर दाबला आणि मोठ्यानं, हेल काढून वाचलं, "राजमान्य राजश्री..." आणि पुढची अख्खी ओळ, कुठेही न अडखळता. लोक त्यांच्याकडे तोंड वळवून ऐकत होते. चंद्रभानजींचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, पण आवाज नव्हता.

खेळ संपला. रामाजी ओट्यावरून उतरले, चंद्रभानजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुमी काय करता गा तिथं, नागपूरले?"

चंद्रभानजींनी माझ्याकडे पाहिलं, मारोतरावांकडे पाहिलं.  बोलायचा हक्क त्यांचा होता. म्हणायला हवं होतं की हा कागद मी मुद्दाम उलटा ठेवला, मला येतं, मला तुमच्याइतकंच येतं. पण तसं म्हटलं तर मुद्दाम का ठेवला हेही सांगावं लागलं असतं.

"कागद सांभाळतो," ते म्हणाले.

रामाजींनी मान हलवली, अगदी मायेनं. "असू द्या. लाजू नोका. ज्याले वाचता येत नाई त्याच्या हातून होते असं. अजून वय गेलं नाई तुमचं, घ्या शिकून कोनापासून."

"हो जी," चंद्रभानजी म्हणाले.